पुलावरचे आजोबा

शेवटच्या साध्यासुध्या दिवशी बाबा संगणकासमोर कुरकुरत होते. "पुलाच्या पानावर कुणीतरी परत स्वतःच्या आजोबांना चढवलंय!" सगळ्यांनी मिळून लिहायच्या ज्ञानकोशाची ते फुकट राखण करत. "कोण वाचतं हे, बाबा? चहा गार होतोय," असं म्हणून त्यांची मुलगी निघून गेली.

दहा दिवसांनी ती त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी रांगेत उभी होती. पुढे दोन मित्र.

"माझी आजोबांची पोस्ट पाहिलीस?"

"'हा पूल माझ्या आजोबांनी बांधला' ती? बदाम टाकला की मी."

"नऊशे लाइक! एकानेही पुरावा मागितला नाही."

"मागेल कशाला? वाचतंय कोण? मी नुसता फोटो बघितला."

"ज्ञानकोशात मात्र एक खडूस बसलेला. मी लिहिलं की खोडायचा. वर म्हणे, 'कृपया संदर्भ द्या, मिळाला तर मी स्वतः लिहीन.'"

"पगार किती त्याला?"

"दमडी नाही. पानावर नावसुद्धा दिसत नाही."

"मग मरतो कशाला?"

"तेच ना! पण दहा दिवस झाले, गप्प आहे. परत लिहिलं, ते टिकलं. दमला बिचारा."

"खरं सांग, आजोबा इंजिनिअर होते?"

"टोलनाक्यावर पावत्या फाडायचे. पुलावरच ना पण!"

"दमले नाहीत ते," ती मागून म्हणाली. "गेले. माझे बाबा होते."

"अरेरे... सॉरी हं, ताई. आम्ही आपलं गमतीत..."

"तो पूल तुमच्या आजोबांनी बांधलेला नाही." तिचा आवाज चढला, खिडकीतल्या कारकुनानेही मान वर केली. "बाबांचं बरोबर होतं."