उष्टा ट्रंपेट

बेळगावच्या कॅम्पात पलटणीच्या बँडची जुनी वाद्यं विकणारं दुकान होतं. तिथं मास्तर आपली पेटी दुरुस्त होण्याची वाट पाहत बसले होते. शेजारी येळ्ळूरचा वाजंत्री यल्लाप्पा हातभर लांबीचा ट्रंपेट निवडत होता.

"शेठ, एकदा फुंकून बघतो."

"तोंड लावायचं न्हाय! तुझं उष्टं मग कोण घेईल?"

"गोऱ्या शिपायानं फुंकलेला चालतोय व्हय?"

"सायबाची गोष्ट येगळी."

"बरं, तोंडाची नळी माझी घरची आणलीया. ती बसवतो."

"वारा तर तुझाच जाणार न्हवं आत?"

मास्तरांनी मान वळवली. ते पेटीकडेच बघत राहिले.

"शेठ, तुमच्या लेकीच्या वरातीसाठीच ह्यो घ्यायला आलतो. ही घ्या तुमची सुपारी परत. गोऱ्यालाच बोलवा वाजवायला!"