बोटीवरचं गाणं ब्राझीलला जाताना

आणि वर मलाच विचारतात, "कुरामोची, एक गेम ब्राझीलला पाठवायला एवढा वेळ?" अहो, गेम म्हणजे काय पार्सल आहे, चिकटपट्टी मारली आणि टाकलं पोस्टात? तुम्हाला सांगतो, परदेशी हक्कांचं काम अख्ख्या ओसाकात माझ्याइतकं कुणाला कळत नाही, असं लोक म्हणतात... म्हणजे मीच म्हणतो, पण खरं आहे. आमचा गेम काय, तर ऑनलाइन मासेमारी. माणसं बंदरात जमतात, गप्पा छाटतात, बोट सुटली की एक गाणं लागतं. पोर्तुगीज भाषांतर झालं, तिकडचा वितरक ठरला, सगळं तयार. फक्त एक सही राहिली होती.

कुणाची? तर गाणाऱ्या शिगेनोबाईंची. करारात लिहिलेलं, गाणं फक्त जपानात वाजेल. "मग दुसरं गाणं टाका की," आमचे कुसाकाबेसाहेब चहा फुंकत म्हणाले. आता यांना काय सांगायचं, लोक माशांसाठी येतच नाहीत, त्या गाण्यासाठी येतात.

गेलो बाईंच्या गावाला, हाकोदातेला. बाई दारातच म्हणाल्या, "एजन्सीला विचारा." एजन्सी केव्हाच बुडालेली, हक्क गेले रेकॉर्ड कंपनीकडे, कंपनी म्हणते बाईंना विचारा, बाई म्हणतात एजन्सीला... घाला प्रदक्षिणा. मी हटतोय होय? बाईंनी माकूळ चिरून पुढ्यात ठेवलं, ते मुकाट्यानं खाल्लं आणि मोबाइल काढून गेमच त्यांच्या हातात दिला. बोट सुटली, गाणं लागलं, डेकवरची अनोळखी माणसं टोप्या हलवायला लागली. बाईंनी बोट बंदरात आणून पुन्हा सोडली.

मग म्हणाल्या, "तिकडे असंच वाजेल?"

"अगदी असंच."

"धाकटी बहीण आहे माझी तिकडे. लग्न करून गेली, ती परत आलीच नाही. आजीची बहीण गाते, हे तिच्या नातवंडांना खोटंच वाटतं म्हणे." आणि कागद ओढून सही केली.

जिंकलो ना? कसला जिंकतोय. परत येतो तर तिकडच्या वितरकाला दुसऱ्याच कंपनीनं विकत घेतलेलं. नवे साहेब पडद्यावर गोड हसून म्हणतात, "करार छान आहे, पण तो आमच्याशी कुठाय?" पुन्हा वकील, पुन्हा तपासणी, आणि पुन्हा तेच... फक्त एक सही राहिली होती. ती द्यायला त्यांची अट काय, तर तिकडच्या खेळात जपानातून कुणी शिरायचं नाही. म्हटलं, घ्या लिहून, आमचा इथला आहे की.

झाला एकदाचा सुरू. पहिल्याच दिवशी बंदर तुडुंब. बाईंच्या बहिणीनं नातवंडांना गोळा करून गाणं ऐकवलं, आणि म्हणे रडली. मी कॉलर ताठ करून कुसाकाबेसाहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "शाब्बास. तिकडे चाललंय ना छान? मग इथला गेम बंद करतोय, इथं खेळतंय कोण आता."

दुसऱ्या दिवशी शिगेनोबाईंचा फोन. "कुरामोची, मला त्या गेममध्ये बहिणीच्या बोटीत बसायचंय रे. कसं जायचं?"

जपानातून कुणी शिरायचं नाही, हे मीच लिहून दिलेलं. म्हटलं, "बाई, विमानानं."