गाडीतून उतरलेला माणूस

आणि हसतायत कोणावर, तर माझ्यावर! दोनशे माणसं! मला विनोद कळतो हो, तुम्हाला सांगतो, कॉलेजात गॅदरिंगला सूत्रसंचालन करायचो मी... पण पोटच्या पोरीनं, आमच्या अनिकानं, अटलांटात स्टँड-अप कॉमेडीच्या स्टेजवर माइक धरून 'सो, माय बाबा...' असं सुरू केलं की बापानं बघायचं कुठं? शेजारी जावई बसलेला!

गोष्ट काय, तर मागच्या वर्षी मी आणि जावई, डॅरियस, पडद्याचे रॉड घेऊन अटलांटाजवळ अल्फारेटाला घरी येत होतो. गाडी मी चालवत होतो. डॅरियस म्हणजे काळा अमेरिकन, सहा फूट दोन इंच, शाळेत सायन्स शिकवतो, पण कधी आवाज चढायचा नाही त्याचा. तर स्टॉप साइनला मी जरा... म्हणजे थांबलोच होतो, मनातून. मागून पोलिसांच्या गाडीचे निळे दिवे! आता मी नागपूरचा माणूस. आपल्याकडे हवालदारानं हात केला की काय करतो आपण? गाडी बाजूला लावायची, उतरायचं, कागद घेऊन आपणहून त्याच्याकडे जायचं. बसून राहिलात तर 'लय शहाणा झाला का बे?' मग उतरलो! एक हात जॅकेटच्या आत, कारण फाइल तिथे, झेरॉक्सच्या तीन सेटसकट. तो पोलीस ओरडतोय, 'सर! गेट बॅक इन द कार!' आणि मी, 'नो नो, यू प्लीज सिट, आय विल कम!'

इथं हॉलमध्ये लोक खुर्चीवरून पडायचे बाकी. ठीक आहे, मला विनोद कळतो, चला, मीही हसलो थोडा.

तर पोलीसही हसला. 'ड्राइव्ह सेफ, सर.' तिकीटसुद्धा नाही! मग म्हणाला, तुमच्या शेजारच्याला उतरू द्या. म्हणजे जो गाडी चालवत नव्हता त्याला! ज्यानं दिवे दिसल्यापासून दोन्ही हात डॅशबोर्डवर ठेवले होते त्याला! रस्त्याच्या कडेला बसवला, चाळीस मिनिटं. नाव काय, राहतोस कुठे, 'हाउ डू यू नो धिस जंटलमन?' मी आपला मधेमधे, 'माय सन-इन-लॉ, व्हेरी गुड बॉय!' आणि घरी येऊन लताला, आमच्या सौभाग्यवतींना, काय म्हणालो? 'काय सज्जन पोलीस असतात गं इथले!'

हे वाक्य अनिकानं हुबेहूब माझ्या आवाजात म्हटलं. कोणी हसलं नाही. मला विनोद कळतो हो... पण तेव्हा लाज वाटली. फार वाटली. डॅरियसला हळूच विचारलं, 'तेव्हाच का नाही रे बोललास?' तर म्हणतो, 'यू वेअर सो हॅपी, बाबा.'

बाहेर आल्यावर अनिकाला म्हटलं, 'अगं, त्याचं सांगायचं तर सरळ सांग ना, मला कशाला मधे घालतेस?'

'सरळ सांगून पाहिलं, बाबा. पीपल वॉक्ड आउट. तुमच्यावर हसत बसतात म्हणून तर ते शेवटपर्यंत थांबतात.'

घ्या! पुढच्या शनिवारी शार्लटला शो आहे, तिथेही माझीच काढणार... काढू दे. तुम्हीपण या. हसा माझ्यावर, पोटभर हसा, मी पहिल्याच रांगेत असेन... फक्त मधेच उठू नका.