विचारलं नाही

शिवलीला : ते काही सांगू नकोस अमरेश! मीनाबाईच्या नावापुढं 'ॲलर्जी : नाही' कुणी लिहिलं?

अमरेश : कुणी लिहिलं नाही, अक्का. तुमच्या दवाखान्याचा जुना प्रोग्राम नव्या कॉम्प्युटर-भाषेत उतरवताना आपोआप झालं ते.

शिवलीला : आपोआप? बाईचे ओठ निळे पडले, श्वास घेता येईना. इंजेक्शन मी दिलंय, या हातानं! डॉक्टरांनी स्क्रीन बघितली, मी बघितली, आणि तू आपोआप म्हणायलास?

अमरेश : आता कशी आहे?

शिवलीला : आयसीयूत. तिचा मुलगा हणमंत दारात उभाय, त्या पोराकडं बघवंना मला. कसं झालं ते सांग.

अमरेश : जुन्या भाषेत त्या रकान्यात तीन गोष्टी बसायच्या. हो, नाही, नाहीतर रिकामं. नव्यात मी साधा रकाना घेतला. त्यात हो किंवा नाही, दोनच. रिकामं आलं की ते 'नाही' धरतंय.

शिवलीला : रिकामं म्हणजे काय, ठाऊक आहे का तुला?

अमरेश : माहिती भरली नाही.

शिवलीला : विचारलं नाही! पेशंट बेशुद्ध आला की आम्ही ते रिकामं सोडतो, शुद्धीवर आल्यावर विचारायचं म्हणून. तू 'विचारलं नाही'तलं 'विचारलं' खाल्लंस आणि 'नाही' तेवढं ठेवलंस!

अमरेश : टेस्टिंग केलं होतं गं. एक एरर आली नाही.

शिवलीला : कशी येईल? दिसायला छानच दिसतंय की! तिसरं ठेवता येत नव्हतं?

अमरेश : येत होतं. पण मग प्रत्येक ठिकाणी बदलावं लागलं असतं. सोमवारी चालू करायचं होतं. कंटाळा केला.

शिवलीला : कंटाळा! माझा भाऊ करेल म्हणून मी डॉक्टरांपुढं शब्द टाकला. उद्या आपल्या शुक्रवार पेठेत कुठल्या तोंडानं फिरू मी?

अमरेश : आज दुरुस्त करतो. जुना डेटा आहे माझ्याकडं, त्यात रिकामं कुठलं ते कळतंय.

शिवलीला : आणि सोमवारपासून ॲडमिट झालेले?

अमरेश : ते थेट नव्यातच भरलेत. त्यातलं खरं 'नाही' कुठलं, ते आता मलाही कळणार नाही.

शिवलीला : मग चल वॉर्डात.

अमरेश : मी? मी काय डॉक्टर आहे का?

शिवलीला : विचारायला डॉक्टर कशाला लागतोय? मी शेजारी उभी राहते. तोंडानं तू विचारायचंस, एकेकाला.

(वॉर्डात, दाराजवळच्या कॉटपाशी.)

अमरेश : आजी, नाव काय तुमचं?

सिद्धम्मा : सिद्धम्मा. नवीन डाक्टर का रे तू?

अमरेश : नाही आजी. तुम्हाला कुठल्या औषधाचा त्रास होतो का? सूज येते, अंगावर उठतं, असं काही?

सिद्धम्मा : व्हय की. एकदा तापाच्या इंजिक्शनानं लई सुजलं हुतं तोंड. मरता मरता वाचले.

शिवलीला : अहो आजी, मग परवा शुद्धीवर आल्यापासून सांगितलं का नाही आम्हाला?

सिद्धम्मा : कुणी इचारलंच न्हाय, बाई.