मोहोळात ठेवलेला मल्लूचा डबा

पार्वतीवहिनी, गौरी, आणि लांबलांबून आलेल्या मंडळींनो. माझं नाव दत्ता. मी मोहोळचा. वीज खात्यात वायरमन होतो, आता रिटायर. खांबावर जन्मभर चढलो, पण माईकपुढं आज पहिल्यांदाच उभा हाय. गौरी म्हणली, "काका, तुमी बाबांचे सगळ्यात जुने दोस्त, तुमी बोलायलाच पायजे." बोलतो. मदीच थांबलो तर सांभाळून घ्या.

मल्लिनाथला जाऊन आज दहा दिवस झाले. तुमी त्याला स्टुडिओवाले अण्णा म्हणता. मला तो मल्लूच. किती लग्नं काढली त्यानं, किती बारशी, शाळेतल्या पोरांचे किती ग्रुप फोटो! हितं बसलेल्यांत एक तरी घर हाय का, ज्याच्या भिंतीवर मल्लूनं काढलेला फोटो न्हाय? सांगा की.

ते समदे फोटो त्यानं एका डब्यात ठेवलेले. जेवणाचा डबा न्हवं. आत हार्डडिस्क असती, इंटरनेटला जोडलेली असती, तसली पेटी. तो तिला डबाच म्हणायचा. चार वर्षांमागं तसलाच दुसरा डबा काखेत मारून माझ्या दारात हजर.

म्हणला, "दत्ता, उद्या स्टुडिओला आग लागली तर लोकांचे फोटो मी कुटनं आणू? एक कॉपी दुसऱ्या गावात पायजे. हा तुझ्या घरी ठेवतो. सोलापुरात जे येईल ते इंटरनेटवरनं आपोआप हितं येत जाईल."

मी म्हणलो, "ठेव की, त्यात काय इचारायचं?"

"असं न्हाय. तुझंबी माझ्याकडं ठेवायचं. नुसतं माझंच तू सांभाळलंस तर उपकार झाले."

आता माझ्याकडं ठेवण्यासारखं काय होतं? सातबारा आन् नातवाचे व्हिडिओ. पण एकदा नातवाचा एक व्हिडिओ त्याच्याकडं पोचला न्हाय, तर गडी दिवसभर जेवला न्हाय. वहिनी, खरं हाय का न्हाय?

आणि त्या डब्याला त्यानं कुलूप लावलेलं. लोखंडी न्हाय, पासवर्डचं. डबा माझ्या कपाटावर, वीज माझी, पण आत काय हाय ते मला दिसायचं न्हाय. मला राग आला. लई राग आला. म्हणलो, "चाळीस वर्षांची दोस्ती, आन् माझ्यावर भरवसा न्हाय व्हय रं?" तर हसला. म्हणला, "तुझ्यावर हाय. तुझ्या घरी चोर आला तर त्याच्यावर न्हाय. लोकांच्या लेकीबाळींचे फोटो हायत त्यात, दत्ता." असा माणूस होता.

आता जे सांगायला उठलोय, ते सांगतो.

माझ्या लेकीला करमाळ्यात दिलंय. गेल्या वर्षी तिच्या पोराचं बारसं होतं. आमी दोघं गेलो. जाताना मी घराचा मेन स्विच बंद केला. जन्मभराची सवय. घराबाहेर पडायचं तर मेन बंद, हे मी साऱ्या तालुक्याला शिकवलंय! डबा ध्यानातच आला न्हाय.

दुसऱ्या दिवशी मल्लूचा फोन. "दत्ता, तुझ्याकडचा डबा दिसंना. काय झालं?"

मंडळी, मला तवाच उमगलं काय झालंय ते. शेजाऱ्याकडं किल्ली होती. एक फोन केला असता तर पाच मिनिटांत काम होतं. पण लाज वाटली. वायरमन मी, आन् माझ्याच हातानं वीज बंद केली, कसं सांगू? मी म्हणलो, "लाईट गेली आसंल. येईल." मनात म्हणलो, दोन दिवसांनी घरी जाऊ, कुणाला कळतंय? लेकीनं सोडलं न्हाय. आठ दिवस ऱ्हायलो.

त्याच आठ दिवसांत मल्लूचा स्टुडिओ फोडला. कॉम्प्युटर, डबा, कॅमेऱ्याची बॅग, आतली कार्डं, समदं गेलं. तो मोहोळला आला, माझ्याकडचा डबा गोधडीत गुंडाळून घेऊन गेला. वीस वर्षांचे फोटो जसेच्या तसे निघाले. फक्त आठ दिवसांचे न्हाय. मी त्याला खरं सांगितलं. तो म्हणला, "इरली बिडो." असू दे, सोड. त्याच्या घरातलं कानडी असं मदीच यायचं.

पण सुटलं न्हाय. त्या आठ दिवसांत मल्लू कुंभारीला गेला होता. सुरेखाताईंच्या आईचा फोटो काढायला. त्या माउलीचा जन्मात धड फोटो नव्हता. नवं लुगडं नेसून दारात खुर्चीवर बसली आन् खळखळून हसली, असं मल्लूनं सांगितलेलं मला. महिन्याभरात ती गेली. सुरेखाताई फोटो न्यायला आल्या. मल्लूनं हात जोडले. म्हणला, "ताई, माझ्या हातनं गेला. चूक माझी." ताई लई बोलल्या. गिऱ्हाइकांदेखत बोलल्या. बोलणारच की, आई होती त्यांची! मी तितंच बाकड्यावर बसलेलो. खाली मान घालून. तोंडातनं शब्द काढला न्हाय.

मल्लूनं पुढं तीन दिवस तो डबा चाळला. कुंभारीतल्या कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत ती माउली वाढताना सापडली. वाकलेली, अर्धा चेहरा. तेवढाच नीट करून, फ्रेम करून त्यानं घरी नेऊन दिला. पण तो हसणारा न्हवं. हसणारा गेला तो गेलाच.

सुरेखाताई, तुमी तिसऱ्या रांगेत बसलाय. तुमी आत आलात तवाच बघितलं मी. तुमी त्याला माफ केलंत, म्हणून आलात. लई मोठं मन हाय तुमचं. पण ताई, त्याला माफ करायसारखं काय नव्हतंच. त्यानं डबे दोन केले, गावं दोन केली, कुलूप लावलं. त्याचं कायबी चुकलं नव्हतं. वीज मी बंद केली. खोटं मी बोललो. वर्षभर तो माझ्यासाठी तुमच्या नजरेत खाली ऱ्हायला, आन् मी ऱ्हाऊ दिला. तो जिता असताना हे तुमाला सांगायची माझी छाती झाली न्हाय. आज सांगितलं. मला माफ करा न्हायतर करू नका, पण त्याच्यावरचा राग कुटं उरला आसंल तर तो काढून माझ्यावर घाला.

मल्लू, गड्या, माझी चूक तू नेऊ नको. ती मी हितंच ठेवून घेतो.

चला मंडळी, उठा. दोन मिनिटं गप उभं ऱ्हाऊ. ताई, तुमीबी उठा. ह्या बारीला हितल्या त्याच्या फोटोकडं नीट बघा.