बापाच्या नावाचा हौद

संग्रामपूरच्या स्टँडवर बसची वाट पाहणाऱ्या रेवतीचे कान मागच्या बाकावरच्या नीलगाईंच्या, म्हणजे रोह्यांच्या, गप्पांकडे लागले.

"कडूबाभाऊ, रोह्यांसाठी हौद बांधला म्हणे तुम्ही?"

"हाव, गीताबाई. बापाच्या नावाची पाटीबी लावली."

"मंग जंगलात बांधाचा! वावराच्या कडेले, धुऱ्यावर काऊन बांधला?"

"जंगलात पाटी कोणं वाचली असती?"

"आता रोही वाचून राह्यले का?"

"पाणी पेतात अन् माह्या मुगात जेवाले बसतात. अर्धा मूग साफ!"

"मंग हौद कोरडा ठेवा ना."

"ठेवला परवा. तं सारा कळप पाटीखाली तहानलेला उभा! बापाच्या नावाखाली, बाई! मले शरम वाटली. लगेच भरला."

रेवतीची बस आली. तिनं ती जाऊ दिली.

"अन् राह्यलेला मूग?"

"तो मायच्या नावानं."