केळीच्या फण्यांखालचे पानदान

मी, नजमा जलालुद्दीन इनामदार, वय ६१, धंदा घरकाम व शेती, रा. डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली, आज वारंगा फाटा येथील पोलीस चौकीत आपणहून हजर झाले असून, हवालदार शंकरसिंग यांनी विचारल्यावरून जबाब देते की,

वरील ठिकाणी मी पती जलालुद्दीन यांच्यासह राहते. आमचे घर निजामाच्या काळातले आहे. खांब सागवानी, भिंती चुन्याच्या. पाऊस उघडला की आम्ही दरवर्षी घराला चुना मारतो, त्यामुळे ते जुने आहे, पण म्हातारे झालेले नाही. दसरा झाला की लोक गावोगावची जुनी घरे आणि शिवार बघत फिरतात, ते आमच्याकडेही येतात. तेव्हा शेतात हळद कमरेएवढी वाढलेली असते, कापूस फुटलेला असतो. आम्ही तिकीट ठेवलेले नाही. घर दाखवतो आणि जेवू घालतो.

काल परभणीच्या शिक्षिका प्रतिक्षा कदम या त्यांचे वडील भागवतराव यांना घेऊन आल्या व मुक्कामी राहिल्या. माझे पितळी पानदान बैठकीच्या कोनाड्यात असते. प्रतिक्षा यांनी ते उतरवून ओढणीने पुसले. चुना कुठे, कात कुठे, हे विचारून घेतले आणि मला विडा लावून दिला. चुना जरा जास्त झाला होता. मी तो खाल्ला. घरात विडा नेहमी मीच लावते, मला लावून देणारे आजवर कोणी नव्हते.

आमच्या घरची रीत अशी की, पाहुण्याचा जीव ज्या वस्तूवर बसला ती त्याच्याबरोबर जाते. पण ती हातात द्यायची नाही. हातात दिली की पाहुणा नको म्हणतो, आपण आग्रह करतो, आणि दोघांचीही शोभा जाते. म्हणून ती गुपचूप सामानात ठेवायची. आज सकाळी पाहुणे नाश्त्याला बसले असताना मी पानदान फडक्यात गुंडाळून त्यांच्या गाडीच्या डिकीत, आम्ही दिलेल्या केळीच्या फण्यांखाली ठेवले. पतींनाही सांगितले नाही. मागे एका बँकेच्या साहेबांबरोबर अशीच सुरई गेली होती. त्यांनी घरी पोचल्यावर फोन केला होता. पोलिसांत जायची ही पहिलीच वेळ.

माझा मुलगा मुबश्शीर नांदेडला नोकरीला असून सुट्टीत आलेला आहे. पाहुणे निघून गेल्यावर त्याला कोनाडा रिकामा दिसला. मी शेतात होते. त्याने मला न विचारता पोलिसांना फोन करून गाडीचा नंबर दिला. त्यावरून पोलिसांनी फाट्यावर गाडी अडवली व डिकीत पानदान मिळाले. ही रीत त्याला माहीत आहे, पण अम्मी पानदानापर्यंत जाईल असे वाटले नाही, असे त्याचे म्हणणे आहे. पानदान मी माहेराहून आणलेले आहे. त्यावर माझ्याशिवाय कोणाचा हक्क नाही.

मी मुलाच्या मोटारसायकलवर बसून येथे आले तेव्हा प्रतिक्षा बाकावर रडत बसल्या होत्या. भागवतरावांची मान खाली होती. आमच्या घरी जेवलेला माणूस असा बसलेला पाहून मला फार शरम वाटली. मी म्हणाले, "काहून रडून राहिली पोरी? म्या ठेवलं ते."

हवालदार म्हणाले, "मावशी, द्यायचं तर सांगून द्यायचं की."

मी म्हणाले, "सांगून देणं म्हंजे उपकार, साहेब. आमच्या घरात उपकार करत न्हाईत."

प्रतिक्षा पानदान परत घ्या म्हणाल्या. मी नकार दिला. "हे माघारी गेलं तर गाव म्हणंल, चोरीचा माल सापडला. तुझ्यासंगं गेलं तर म्हणंल, पाहुणी गेली." मग त्यांनी ते मांडीवर घेतले. मुबश्शीरने भागवतरावांचे हात धरून माफी मागितली. तसे मी त्याला सांगितले नव्हते. मला त्याचा अभिमान वाटला.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'चोरीस गेलेले पानदान' असे आले होते. ते मी खोडायला लावले व तेथे 'लेकीला दिलेले पानदान' असे लिहा म्हणाले. हवालदारांनी विचारले, "मावशी, तुमाला लेक कुठं हाय?" मी म्हणाले, "लिहा." त्यांनी लिहिले. आता मजकूर बराबर आहे, म्हणून खाली उर्दूत सही करते.